शाळेच्या फाटकापाशी

मुंबईहून निघालेली आगगाडी १८५३ साली ठाण्यास व १८५४ साली कल्याणास पोहोचली. पुढे लोहमार्गाच्या आधाराने ठाणे, डोंबिवली आणि कल्याण ही नगरे वाढली. जुन्या वस्तीतील रस्ते मात्र अरुंदच राहिले. शाळा भरण्याची वेळ झाली, की मोटारी, रिक्षा व स्कूटरी यांची एकाच फाटकापाशी दाटी होते.

आपले मूल अगदी दारात उतरावे, असे प्रत्येक पालकास वाटते. त्यासाठी कोणी उभ्या गाडीला लागून आपली गाडी उभी करतो, तर कोणी ती पदपथावर चढवतो. मग पायी येणाऱ्या मुलांना भर रस्त्यातून जावे लागते. गाडीच्या आडून पुढे येणारे लहान मूल चालकाला दिसत नाही. ताशी ३६ किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात १० मीटर जाते. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत एवढा वेळ सहज निघून जातो. चालक कितीही सराईत असो, हे अंतर त्याला टाळता येत नाही.

म्हणून जाणता चालक फाटकापासून दूर, रस्त्याच्या डाव्या कडेला थांबतो. भारतात वाहने डावीकडून चालतात. त्यामुळे गाडीचे डावे दार पदपथाकडे उघडते, तर उजवे रहदारीत. मुलाने डावीकडूनच उतरावे आणि उरलेले अंतर चालत जावे. मागून कितीही भोंगे वाजोत, मूल पदपथावर सुखरूप पोहोचेपर्यंत जो गाडी हलवीत नाही, त्याचाच आत्मविश्वास खरा होय.