भाजीला गाव असतं!

दोस्तांनो, काल रात्री तुमच्या ताटात कोणती भाजी होती? मेथी? बरं, मग ती कोणत्या गावची होती? अडखळलात ना! रोज पोटात जाणाऱ्या भाजीचं गाव आपल्याला ठाऊकच नसतं. चला, आज पुण्यातल्या बाजारात तिचा माग काढू या.

आधी नेहमीचा रस्ता पाहू. शेतकरी संध्याकाळी माल काढतो, रात्री टेम्पोत भरतो आणि तो पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचतो. तिथे आडत्या तो विकून देतो. मग घाऊक व्यापारी, मग किरकोळ विक्रेते आणि शेवटी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींची पाटी! मावशीही भल्या पहाटे उठून माल आणतात. त्यांचं पोटही त्यावरच असतं. पण भाडं, हमाली, नासधूस असं सगळं वजा होता होता शेतकऱ्याच्या हातात किती उरतं? भाव पडले, तर कधी कधी टेम्पोचं भाडंही सुटत नाही. मग टोमॅटो रस्त्याकडेला ओतून देण्याची पाळी येते.

हा रस्ता जवळचा करता येईल का? २०१६ साली महाराष्ट्र सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला. समितीच्या आवाराबाहेर माल विकणं त्यामुळे सोपं झालं. राज्य कृषी पणन मंडळाच्या पुढाकाराने शहरांत 'शेतकरी आठवडे बाजार' भरू लागले. पुण्यात कोथरूडसारख्या उपनगरांतही ते भरले. ठरलेला वार, मोकळी जागा, ओळीने मांडलेली भाजी आणि विकायला शेतकरी किंवा त्यांचे गट. खेड्यातला आठवडे बाजार शहरात आला म्हणा ना!

पण समोरची व्यक्ती शेतकरीच आहे, हे ओळखायचं कसं? सोपं आहे, गप्पा मारा! "काका, मेथी कधी पेरली होती?" असं विचारा. मेथी साधारण महिन्याभरात काढणीला येते. टोमॅटोला मात्र रोप लावल्यापासून दोन-अडीच महिने लागतात. ज्याने पिकवलंय, तो न अडखळता सांगेल. वर पाऊस किती झाला, कीड कुठली पडली, हेही सांगेल! आणखी एक खूण म्हणजे त्याच्याकडे बहुधा दोन-चारच जिनसा असतात, त्याही हंगामातल्या. पुरंदरचं सीताफळ, नारायणगावचा टोमॅटो, पावसाळ्यात करटुली... मोसम सरला की जिन्नस गायब!

आता एक हिशेब करा. समजा, जुडी वीस रुपयांची आहे आणि तुम्ही "पाच रुपये कमी करा" म्हणालात. आपल्याला ते पाच रुपये किरकोळ वाटतात. पण बियाणं, खत, भाडं वगैरे जाऊन त्या जुडीमागे पाचच रुपये सुटणार असतील, तर आपण त्याची महिन्याभराची मेहनतच फुकट मागितली, नाही का? चढा भाव लावला असेल, तर जरूर विचारा. पण ऐकूनही घ्या.

तर मग येत्या सुट्टीत पिशवी घेऊन आईबाबांबरोबर बाजारात जा. घरी आल्यावर जिल्ह्याच्या नकाशावर प्रत्येक भाजीच्या गावी एक ठिपका द्या. महिन्याभरात तुमचा 'भाजीचा नकाशा' तयार! कोपऱ्यावरच्या मावशींनाही विचारायला विसरू नका हं. त्यांना कितीतरी गावं तोंडपाठ असतात!