अंगावर पाजताना स्तनाग्रं दुखतात? सोसत बसू नका, आधी बाळाची पकड बघा

बाळंतपण नीट पार पडतं, बाळ घरी येतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बाळ रडलं की आईलाच धडकी भरते. बाळाने तोंड लावताच कळ मस्तकात जाते. स्तनाग्रांना चिरा पडतात, कधी रक्तही येतं. घरातून सांगितलं जातं, "सगळ्यांनाच होतं, सोस थोडं." पनवेल, कामोठे, खारघरच्या फ्लॅटमध्ये नवरा-बायको दोघंच राहत असतील, तर हे सांगायलाही कुणी जवळ नसतं.

पहिले काही दिवस, बाळ तोंड लावतं तेव्हा क्षणभर दुखणं हे बऱ्याच जणींना होतं. पण बाळ पीत असेपर्यंत कळ चालूच राहत असेल किंवा चिरा पडल्या असतील, तर काहीतरी चुकतंय. बहुतेक वेळा ते सुधारता येतं.

नेमकं काय चुकतं?

सगळ्यात जास्त वेळा कारण एकच असतं: बाळ फक्त स्तनाग्र तोंडात धरून ओढत असतं. खरं तर त्याच्या तोंडात स्तनाग्राभोवतीचा काळसर भागही बराचसा जायला हवा. तसं झालं की स्तनाग्र टाळूच्या मऊ भागापर्यंत पोहोचतं आणि त्यावर दाब येत नाही. नाहीतर ते जीभ आणि कडक टाळू यांच्यात चेपलं जातं. पाजून झाल्यावर स्तनाग्र चपटं किंवा तिरकं दिसत असेल, तर पकड चुकली असं समजावं.

बरोबर पकड कशी ओळखायची?

- बाळाचं तोंड मोठं उघडलेलं असतं.
- खालचा ओठ बाहेर वळलेला असतो.
- हनुवटी स्तनाला टेकलेली असते.
- काळसर भाग बाळाच्या वरच्या ओठावर जास्त आणि खालच्या ओठाखाली कमी दिसतो.

यासाठी बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं हवं. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत हवी. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर आणावं, त्याने मोठा 'आ' केला की त्याला चटकन जवळ घ्यावं. आईने वाकू नये, बाळाला वर आणावं. दुखत राहिलं तर तसंच ओढून काढू नये. स्वच्छ करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावं.

चिरा पडल्या असतील तर?

पाजणं एकदम बंद करू नये. दूध साठलं की स्तन दगडासारखे होतात, मग बाळाला पकड घेणं आणखी अवघड होतं. अशाच वेळी बाटली घरात येते आणि बाळ अंगावर कमी प्यायल्यामुळे दूधही कमी होत जातं.

कमी दुखणाऱ्या बाजूने सुरुवात करावी. पाजून झाल्यावर दुधाचे दोन-चार थेंब स्तनाग्राला लावून वाऱ्यावर सुकू द्यावेत. दर वेळी साबणाने धुऊ नये, त्याने त्वचा कोरडी पडते. पनवेलच्या दमट हवेत ओली ब्रा किंवा ओला पॅड लगेच बदलावा. फारच दुखत असेल, तर एक-दोन वेळा हाताने दूध काढून वाटी-चमच्याने पाजावं. चिरेतलं थोडं रक्त बाळाच्या पोटात गेलं तर सहसा काही बिघडत नाही. मात्र आई एचआयव्ही बाधित असेल, तर चिरा पडताच डॉक्टरांना विचारावं.

स्तनाग्राला मध लावू नये. एक वर्षाखालच्या बाळाला मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. कोणतंही मलम डॉक्टरांना विचारूनच लावावं.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

स्तनाग्रं चकाकतात, आग होते आणि बाळाच्या तोंडात पुसून न जाणारे पांढरे डाग दिसतात, तेव्हा बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्यात आई आणि बाळ दोघांनाही औषध लागतं. स्तनाचा एखादा भाग लाल, गरम, कडक झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी दाखवावं. तेव्हाही दूध पाजत राहायचं असतं. पकड सुधारूनही फरक पडत नसेल, तर बाळाची जीभ खाली चिकटलेली आहे का, हे तपासून घ्यावं.

मदत कुठे मिळते?

बाळंतपण रुग्णालयात झालं असेल, तर आशा ताईने 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येणं अपेक्षित आहे. तेव्हा फक्त बाळाचं वजन करून घेऊ नका, तिच्यासमोर बाळाला पाजून दाखवा. पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रातही विचारता येतं. केंद्र सरकारचा 2016 मध्ये सुरू झालेला 'माँ' कार्यक्रम स्तनपानाला मदत करण्यासाठीच आहे.

घरातल्यांनीही एक करावं. "दूध पुरत नाही, पावडर आणू" म्हणण्याआधी बाळंतिणीला विचारावं, "पाजताना दुखतंय का?"