टपालपेटी वाळवंटात, पत्ता कोड्यात

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मोहावी वाळवंटातून जाणारे काही प्रवासी मध्येच मोटार थांबवितात, हातातील कागद वाचत पावले मोजू लागतात आणि एखाद्या खडकापाशी ओणवे होतात. त्यांचे काहीही हरवलेले नसते. ते 'लेटरबॉक्सिंग' हा छंद जोपासत असतात.

या छंदाचा टपालाशी संबंध आता नावापुरताच उरला असला तरी त्याचा जन्म टपालातूनच झाला. इंग्लंडमधील डार्टमूर या ओसाड पठारावर क्रॅनमियर पूल नावाचे दुर्गम ठिकाण आहे. जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ मध्ये तेथे एक बाटली ठेवली आणि येणारे प्रवासी तीत आपली नावाची कार्डे टाकू लागले. पुढे स्वतःच्याच पत्त्याची पोस्टकार्डे ठेवण्याची प्रथा पडली. नंतर येणाऱ्याने ती टपालात टाकावयाची. आज लपविलेल्या डब्यात एक रबरी शिक्का आणि एक वही असते. शोधणारा डब्यातील शिक्का आपल्या वहीत आणि आपला शिक्का डब्यातील वहीत उमटवितो. 'स्मिथसोनियन' मासिकातील १९९८ च्या लेखानंतर हा छंद अमेरिकेत पसरला.

२००० मध्ये सुरू झालेल्या 'जिओकॅशिंग'मध्ये उपग्रह वाट दाखवितो. येथे मात्र प्रामुख्याने शब्द आणि होकायंत्र यांवरच भिस्त असते. नेमकी हीच गोष्ट वाळवंटात घोटाळा करते. 'वाकड्या जोशुआ वृक्षापासून ईशान्येस चाळीस पावले' असा संकेत कागदावर निःसंदिग्ध वाटतो. प्रत्यक्षात तेथे वाकडे जोशुआ वृक्ष क्षितिजापर्यंत उभे असतात. शिवाय पावले कोणाची मोजावयाची, यावरून सहप्रवाशांत वाद होतो, तो निराळाच. कोरड्या ओढ्यातील खूण तर एका वादळी पावसातही वाहून जाऊ शकते.

लॉस एंजेलिसहून लास व्हेगासकडे जाताना 'झायझिक्स' नावाचा रस्ता लागतो. कर्टिस स्प्रिंगर या स्वयंघोषित डॉक्टराने १९४४ मध्ये येथे आरोग्यधाम थाटले आणि इंग्रजी भाषेतील शेवटचा शब्द ठरावा म्हणून हे नाव घडविले. सरकारने १९७४ मध्ये त्याला तेथून हुसकावले. नाव मात्र राहिले. कोडी रचणाऱ्यांना याहून आयते साहित्य कोठे मिळणार? तथापि हा परिसर राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रात असल्याने विनापरवाना तेथे पेटी ठेवता येत नाही.

पुढे बेकर गावी १३४ फूट उंचीचा तापमापक उभा आहे. डेथ व्हॅली येथे १० जुलै १९१३ रोजी नोंदलेल्या १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ अंश सेल्सिअस तापमानाचे ते स्मारक होय. गंमत येथे संपते. माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी जवळ हवे, आणि मोबाइलवर विसंबून चालत नाही. खडकाच्या कपारीत थेट हात घालणेही धोक्याचे, कारण पेटीसाठी सोयीची सावली खुळखुळ्या सापालाही सोयीची असते.

निघण्यापूर्वी मोटारीखाली वाकून पाहणे आवश्यक असते. तेथील संरक्षित वाळवंटी कासव सावलीसाठी गाडीखाली शिरते. त्याला उचलल्यास ते घाबरून शरीरात साठविलेले पाणी टाकते आणि त्यामुळे दगावूही शकते. म्हणून ते आपल्या गतीने बाहेर पडेपर्यंत प्रवाशांनी थांबावयाचे असते.