पावसाळी घरांची देखभाल (लेखांक ७) : वळचणीची झालर

मागील लेखांकात मंगलोरी कौले, ती ज्यांवर टेकतात त्या रिपा आणि रिपांखालचे वासे यांचा विचार झाला. पाखे भिंतीच्या बाहेर आल्यावर त्याची जी कड होते ती वळचण. तेथे वाशांची टोके झाकण्यासाठी जी फळी ठोकतात तिची खालची कड कातरलेली असली, की तिला झालर म्हणतात. माथेरानच्या जुन्या बंगल्यांवर आणि रेल्वेच्या जुन्या फलाटांवर ती आजही दिसते.

झालर केवळ शोभेची असते, हा समज अर्धाच खरा आहे. कौलावरून ओघळणारे पाणी कडेला चिकटून मागे, वाशांच्या दिशेने वळू पाहते. झालरीचे दाते ते एकेका टोकाशी गोळा करून भिंतीपासून दूर खाली सोडतात. म्हणूनच जाणते सुतार दाते एकाच आडव्या फळीत न कोरता, उभ्या अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी जोडून त्यांची टोके कातरत. आडव्या फळीत कोरलेल्या दात्यात लाकडाचे तंतू आखूड तुटतात आणि तो थोड्या धक्क्यानेही निखळतो. मात्र उभ्या पट्टीच्या टोकाशी तंतूंची तोंडे उघडी राहून पाणी शोषतात, त्यामुळे कुजण्याची सुरुवात बहुधा तेथूनच होते.

लाकडातील ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या आत राहिला तर कुजवणारी बुरशी त्यात वाढत नाही. पाऊस पडून उघडीप झाली तर लाकूड वाळते. परंतु फळीची दर्शनी बाजू रंगवलेली आणि मागची कोरी असली, तर पाणी मागून शिरते आणि पुढच्या रंगामुळे अडकते. रंगाला फोड आलेला दिसेपर्यंत आतले लाकूड भुसभुशीत झालेले असते. तेव्हा डोळ्यांवर विसंबण्यापेक्षा फळीच्या खालच्या कडेत, सांध्यांत आणि पन्हळीच्या खिळ्यांभोवती टोच्या खुपसून पाहावा; तो सहज आत गेला तर तेथे दुरुस्ती हवी. वाळवीचा मातीचा माग दिसल्यास तो भिंतीवरून खालपर्यंत शोधावा, कारण वाळवीचे मूळ सहसा जमिनीत असते.

सबंध फळी बदलण्याची घाई मात्र अनाठायी ठरते. आधी फुटलेले वा सरकलेले कौल आणि गळकी पन्हळ दुरुस्त करावी, अन्यथा नवी फळीही त्याच जागी कुजेल. नंतर कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापून, सांधा वाशाच्या टोकावर येईल अशा बेताने तिरकस छेद घ्यावा, म्हणजे दोन्ही तुकड्यांना आधार मिळतो. छेदाचा उतार बाहेरच्या बाजूस असावा, आत नव्हे. दात्यांची नक्कल करण्यासाठी शाबूत पट्टीवरून पुठ्ठ्याचा साचा काढावा. लाकूड साग किंवा फणसाचे, मुरलेले घ्यावे. खाऱ्या हवेत लोखंडी खिळे गंजून भोवतालचे लाकूडही काळे पडते, म्हणून पितळी स्क्रू बरे. महागडा रासायनिक लगदा भरून पोकळी बुजवण्याची पद्धत लहानशा खाचेपुरती ठीक, पण ओल्या लाकडावर तो धरत नाही.

नवी पट्टी बसवण्यापूर्वीच तिच्या मागच्या बाजूस आणि कापलेल्या टोकांना जवसाच्या तेलाचे किंवा रंगाचे दोन हात द्यावेत, कारण एकदा ठोकल्यावर मागे कुंचला पोचत नाही. होड्यांच्या लाकडाला चोपडले जाणारे काजूच्या टरफलांचे तेलही चालते, पण ते कातडी भाजते. हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावू नये. हे सारे फाल्गुन-चैत्रात, लाकूड पुरते वाळलेले असताना उरकावे, आणि पट्ट्यांमध्ये नखाएवढी फट ठेवावी, कारण आषाढात त्या फुगतात आणि घट्ट बसवल्या असतील तर एकमेकींना रेटून स्क्रूंसकट उचकटतात.