पाणी सोडणे आणि ‘गिव्ह अप’

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आठवीच्या वर्गावर इंग्रजी शिकवत होतो, तेव्हाची गोष्ट. फळ्यावर मी एक वाक्य लिहिलं, ‘ही गेव्ह अप हिज लँड’, आणि मुलांना म्हटलं, मराठीत सांगा. एक मुलगा तत्परतेनं उठला आणि म्हणाला, ‘सर, त्यानं आपली जमीन वर दिली.’ वर्ग खो खो हसला. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी हळूच म्हणाली, ‘त्यानं जमिनीवर पाणी सोडलं.’ तिच्या आजोबांचं गाव कोयना धरणात गेलेलं होतं. याहून चांगलं भाषांतर मला आजवर सुचलेलं नाही.

त्या मुलाची चूक मात्र समजून घेण्यासारखी आहे. ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर, हे त्याला ठाऊक होतं. दोन्ही मिळून तिसराच अर्थ होतो, हे ठाऊक नव्हतं. ‘गिव्ह इन’ म्हणजे नमतं घेणं, ‘गिव्ह अवे’ म्हणजे देऊन टाकणं किंवा गुपित फोडणं, ‘गिव्ह आउट’ म्हणजे वाटणं किंवा संपून जाणं. क्रियापद एकच, शेपूट बदललं की अर्थ बदलतो. डॉक्टर जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी म्हटलं आहे, की परक्यांना सर्वांत जास्त अडचण येते ती अशा जोडणीची. तेव्हा आपल्या मुलांनी फार वाईट वाटून घेऊ नये.

आणि ही करामत काही फक्त इंग्रजीची नाही. आपल्याकडे बघा. ‘शेतात पाणी सोडलं’ म्हणजे दारं धरली, पीक भिजवलं. ‘शेतावर पाणी सोडलं’ म्हणजे शेत गेलं, त्याची आशाच सोडली. ‘त’च्या जागी ‘वर’ आलं आणि भिजलेल्या शेताचं गमावलेलं शेत झालं. परका माणूस इथं गोंधळला, तर आपण त्याला हसू नये.

‘वर’ आल्यानं असं का होतं? याचं उत्तर दानाच्या जुन्या विधीत आहे. दान देताना दाता हातावरून पाणी सोडतो आणि ‘न मम’ म्हणतो, म्हणजे हे आता माझं नाही. पाणी एकदा सुटलं की परत घेता येत नाही, तसंच दान. वाकाटकांच्या आणि राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत गाव दान दिल्याचं लिहिताना ‘उदकपूर्वम्’, ‘उदकातिसर्गेण’ असे शब्द येतात. अतिसर्ग म्हणजे सोडून देणं. म्हणजे आपला वाक्प्रचार हजार वर्षांपूर्वीच्या तांब्याच्या पत्र्यांवर संस्कृतात आधीच कोरलेला आहे, आणि तोही जमिनीच्याच संदर्भात.

बळीराजाची कथा हीच. वामनानं तीन पावलं भूमी मागितली, बळीनं पाणी सोडायला झारी उचलली. गुरू शुक्राचार्यांना धोका कळला. ते झारीच्या तोटीत जाऊन बसले, म्हणजे पाणीच पडायचं नाही आणि दान पुरं व्हायचं नाही. वामनानं दर्भाची काडी घातली, शुक्राचार्यांचा डोळा गेला, पाणी सुटलं आणि बळीचं राज्यही गेलं. सरकारी कामात मध्येच अडवून बसणाऱ्याला आपण ‘झारीतला शुक्राचार्य’ म्हणतो, तो इथून आला.

आता या दोन वाक्प्रचारांचा प्रवास शेजारी शेजारी ठेवून पाहू. ‘गिव्ह अप’ बाराव्या शतकापासून इंग्रजीत आहे आणि त्याचा जुना अर्थ हवाली करणं, शरण जाऊन देणं असा. १७०० साली साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाच्या हाती गेला, ते या जुन्या अर्थानं ‘गिव्ह अप’. पुढं अर्थ पसरत गेला. माणूस पद सोडतो, हक्क सोडतो, सिगारेट सोडतो, प्रयत्न सोडतो, सगळीकडे ‘गिव्ह अप’. १६११ च्या इंग्रजी बायबलात तर माणूस प्राणही याच शब्दांत सोडतो. २०१५ साली सरकारनं ‘गिव्ह इट अप’ म्हणून लोकांना गॅसचं अनुदान आपखुशीनं सोडायला सांगितलं. सक्तीनं सुरू झालेला शब्द असा खुशीपर्यंत आला.

आपला वाक्प्रचार नेमका उलट्या वाटेनं गेला. खुशीच्या दानात जन्मला आणि नाइलाजाच्या नुकसानीत येऊन पोचला. कुणी बुडालेल्या उसनवारीवर पाणी सोडतो, कुणी रद्द झालेल्या तिकिटाच्या पैशांवर. यात ‘न मम’ म्हणण्याचं पुण्य नाही, फक्त नशिबाला हात लावणं आहे.

कोयनेच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकत्र आले. पाटण तालुक्यात धरण झालं, १९६० च्या दशकात शिवसागर भरला. तापोळ्यापर्यंत पाणी चढलं आणि शंभराच्या आसपास गावांची जमीन गेली. माणसं ठाणे, रायगड, रत्नागिरी, सोलापूर, सांगली अशी पांगली. तेव्हा पुनर्वसनाचा कायदा नव्हता. राज्याचा तो कायदा १९७६ सालचा. या लोकांनी ‘देशासाठी जमीन दिली’ असं भाषणांत म्हटलं जातं. पण देणाऱ्याच्या हातात झारी होती का? जमिनीवर पाणी सोडलं ते दुसऱ्याच कुणी, आणि तेही वाच्यार्थानं. दान म्हणावं तर दात्याला विचारायला हवं होतं. हवाली करणं म्हणावं, तर निदान शब्द तरी प्रामाणिक ठरतो.

त्याच धरणाखाली सांगलीत ‘पाणी सोडलं’ हे शब्द वेगळ्याच धास्तीनं ऐकले जातात. ‘कोयनेतून इतके क्युसेक विसर्ग’ अशी बातमी येते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. मग लोक आयर्विन पुलाखालची पट्टी बघायला जातात. तिथं ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला, जत-आटपाडीकडे, ‘पाणी सोडलं’ ही उन्हाळ्यातली सर्वांत गोड बातमी असते. म्हैसाळ किंवा टेंभू योजनेचं आवर्तन सुटलं की लोक पंपाकडे नाही, आधी कालव्याकडे धावतात. एकाच जिल्ह्यात, एकाच नदीच्या पाण्याबद्दल, तेच दोन शब्द. कुठं पोटात गोळा, कुठं तोंडाला पाणी.

म्हणून मुलांना मी एवढंच सांगतो. वाक्प्रचाराचा अर्थ पाठ करा, पण सोबत एक प्रश्नही विचारा. पाणी सोडलं, ते कुणी, कशावर, आणि सोडणाऱ्याला नाही म्हणता येत होतं का? ‘गिव्ह अप’ असो की ‘पाणी सोडणं’, खरा अर्थ या प्रश्नाच्या उत्तरात असतो. त्या मागच्या बाकावरच्या मुलीला तो शब्दकोशाआधी घरातच कळला होता.