थेम्स आयर्नवर्क्स : एका गोदीची युद्धनौकाबांधणी आणि तिच्या संहिता

एखाद्या गोदीचा इतिहास बहुधा तिने बांधलेल्या नौकांच्या यादीच्या रूपात लिहिला जातो. वजन, तोफा, चिलखताची जाडी, जलावतरणाची तारीख एवढे दिले की काम झाले, असा एक समज आढळतो. लंडनच्या पूर्व भागात, ली नदी थेम्सला मिळते तेथे, 1857 पासून 1912 पर्यंत चाललेल्या थेम्स आयर्नवर्क्स या गोदीपुरता तरी हा समज अपुरा आहे. या गोदीविषयी निरनिराळ्या लेखनप्रकारांत जे लिहिले गेले, ते एकमेकांशेजारी ठेवून वाचावे लागते.

यादीही अर्थात उपेक्षणीय नाही. 1860 च्या डिसेंबरात येथून पाण्यात उतरलेली ‘वॉरियर’ ही ब्रिटिश आरमाराची लोखंडी सांगाड्याची पहिली चिलखती युद्धनौका. तिच्या साडेचार इंच जाडीच्या लोखंडी पत्र्यामागे अठरा इंच साग बसविलेला होता. सागवानी युद्धनौकांच्या बांधणीत मुंबईच्या गोदीतील वाडिया घराण्याने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी जे नाव कमावले, ते पाहता लोखंडाच्या युगाच्या उंबरठ्यावरही साग असा पाठीशी उभा राहावा, हे मला अर्थपूर्ण वाटते. पुढे या गोदीने परदेशी आरमारांसाठीही नौका बांधल्या. ‘फुजी’ आणि ‘शिकिशिमा’ या येथील दोन जपानी युद्धनौका 1905 साली त्सुशिमाच्या लढाईत रशियन आरमाराविरुद्ध लढल्या.

मात्र गोदीचे सर्वांत विलक्षण वर्णन आरमाराच्या दप्तरात सापडत नाही. ते आहे गांधीजींच्या आत्मकथेत. लंडनमधील विद्यार्थिदशेत गांधीजी तेथील शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर होते. मंडळाचे अध्यक्ष होते अर्नोल्ड हिल्स, आणि गांधीजी त्यांची ओळख थेम्स आयर्नवर्क्सचे मालक अशीच करून देतात. संततिनियमनाचा पुरस्कार करणाऱ्या डॉ. अ‍ॅलिन्सन यांना मंडळातून दूर करावे, असा नीतिवादी हिल्स यांचा आग्रह होता. गांधीजींना हिल्स यांची नीती मान्य होती. परंतु शाकाहाराच्या मंडळात दुसऱ्या एखाद्या मताबद्दल कोणालाही वगळणे त्यांना अन्यायाचे वाटले. त्यांनी आपले म्हणणे लिहून आणले. ते वाचण्याचा धीर मात्र झाला नाही, आणि अध्यक्षांनी ते दुसऱ्याकडून वाचवून घेतले. आत्मकथेत हा प्रसंग येतो तो लाजाळूपणाच्या प्रकरणात.

हा वाद 1891 मधला. त्याच सुमारास हिल्स यांच्या गोदीत ‘ग्राफ्टन’ आणि ‘थीसियस’ या क्रूझर नौकांची बांधणी चालू होती. आत्मकथेतील या प्रसंगात युद्धनौकांचा उल्लेखही नाही. पशुहत्या निषिद्ध मानणारा मनुष्य तोफा वाहणारी जहाजे बांधतो, ही विसंगती अहिंसेच्या भाष्यकाराने नोंदवू नये याचे आश्चर्य वाटते खरे. परंतु त्या प्रकरणाचा विषय हिल्स नव्हेत, स्वतःची जीभ हा आहे. लेखनप्रकार काय दाखवतो याइतकेच तो काय दृष्टीआड ठेवतो हेही त्याच्या आशयावर ठरते.

हिल्स यांची बाजू पाहायची तर गोदीच्या स्वतःच्या नियतकालिकाकडे, 1895 साली सुरू झालेल्या ‘थेम्स आयर्नवर्क्स गॅझेट’कडे वळावे लागते. हिल्स यांनी कामगारांना नफ्यात वाटा देण्याची योजना आखली आणि 1894 मध्ये आठ तासांचा दिवस लागू केला. त्याच वर्तुळात 1895 मध्ये कामगारांचा फुटबॉल संघ निघाला. तोच पुढे वेस्ट हॅम युनायटेड झाला. रिवेट ठोकणारे दोन हातोडे आजही त्याच्या बोधचिन्हावर आहेत. गॅझेटमधील गोदी म्हणजे एक सुखी कुटुंब.

या चित्राला तडा गेला तो 21 जून 1898 रोजी. ‘अल्बियन’ ही युद्धनौका पाण्यात उतरताना उठलेल्या लाटेने शेजारी बांधल्या जात असलेल्या ‘शिकिशिमा’लगतचा तात्पुरता पूल कोसळला. त्यावर दाटीने उभे असलेले प्रेक्षक पाण्यात पडले आणि तीसहून अधिक माणसे बुडाली. त्यांत स्त्रिया आणि मुले पुष्कळ होती. जयघोषाच्या कल्लोळात बराच वेळ कोणाच्या ध्यानातही आले नाही. त्या दिवशीचे चित्रीकरण उपलब्ध आहे. चलच्चित्राच्या अगदी बाल्यावस्थेतील हा एक दस्तऐवज. डंडीचे मॅकगोनागल यांनी दुर्घटनेवर कविता लिहिली. त्यांच्या पद्याची टिंगल करणे हा इंग्रजी समीक्षेचा जुना विरंगुळा आहे. पण नौकायादीत ‘अल्बियन’पुढे केवळ जलावतरणाची तारीख असते, मृत त्या पद्यात आहेत, ही गोष्ट टिंगलीत विसरली जाते.

गोदीचा अंत आकाराने घडवून आणला. 1906 च्या ‘ड्रेडनॉट’नंतर युद्धनौका झपाट्याने मोठ्या होत गेल्या. कोळसा आणि पोलाद उत्तरेकडे, क्लाइड व टाइन नद्यांच्या परिसरात जवळ होते. लंडनमध्ये मजुरी आणि जागा दोन्ही महाग. तरीही ‘थंडरर’चे काम या गोदीस मिळाले. सुमारे बावीस हजार टनांची आणि साडेतेरा इंची दहा तोफांची ही नौका 1 फेब्रुवारी 1911 रोजी पाण्यात उतरली. थेम्सवर एवढी मोठी युद्धनौका त्यापूर्वी किंवा त्यानंतर कधीही बांधली गेली नाही. पुढील साजसज्जेसाठी ती नदीच्या खालच्या अंगाला डॅगनमला न्यावी लागली. संधिवाताने जर्जर झालेल्या हिल्स यांनी नव्या कामासाठी सरकारदरबारी केलेले प्रयत्न निष्फळ ठरले आणि 1912 च्या अखेरीस गोदी बंद पडली.

‘थंडरर’ 1916 मध्ये जटलंडच्या लढाईत होती. 1926 च्या अखेरीस ती मोडीत विकली गेली आणि 1927 च्या मार्चमध्ये हिल्स वारले. त्या वेळी ‘नवजीवन’मधून गांधीजींची आत्मकथा क्रमशः प्रसिद्ध होत होती.