जुन्या डंपरचे तेल केव्हा बदलावे?

व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर संतवाङ्मय, इतिहास, आरोग्य अशा विषयांच्या रांगेत ‘डंपरचे तेल’ हे शब्द वाचून काही मंडळी हसली असतील. त्यांनी खुशाल हसावे. परंतु सिंदेवाही, मूल, नागभीड या टापूतली किती मुले आज चंद्रपूरकडच्या उघड्या कोळसा खाणींवर डंपर चालवतात, हे समोर बसलेल्या आईबापांना मी सांगायला नको. पन्नास टनी गाडी घेऊन आपला मुलगा खाणीच्या उतारावरून खाली जातो, तेव्हा त्याचा जीव कशाच्या आधारावर असतो, एवढे तरी आपल्याला ठाऊक असावे, म्हणून हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. माझे शाळेतले शिक्षण थोडे. ही विद्या मी वर्कशॉपमध्ये मिस्त्र्यांशेजारी उकिडवे बसून आणि यंत्राच्या पुस्तिकेतल्या आकृत्या बोटाने गिरवून मिळवली आहे. तेव्हा भाषा जाडीभरडी वाटली तर चालवून घ्यावी.

आपल्या गावाला ट्रक नवा नाही. १९५४ साली जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनू लागले, आणि पुढे त्याच घराण्यातल्या गाड्यांनी आपल्याकडचा तांदूळ, बल्लारपूरच्या कागद गिरणीचा बांबू आणि हंगामात झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदेसुद्धा वाहिले. हा आपला ओळखीचा ट्रक हातगिअरचा. डाव्या पायाखाली क्लच, हाताशी दांडा. त्याच्या गिअर बॉक्समधल्या तेलाला एकच मुख्य काम असते: दात्यांना झिजू न देणे. ते तेल थोडे जुने झाले, थोडे काळे पडले, तरी गाडी चालते. म्हणून ट्रकवर वाढलेला माणूस तेलाकडे जरा बेफिकिरीनेच पाहतो आणि तीच सवय घेऊन डंपरवर चढतो. घोटाळा तिथे सुरू होतो.

डंपरला क्लचचे पायडल नाही. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा एक बंद गोलक आहे आणि त्यात तेल भरलेले आहे. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल आहे. इंजिन एक पंखा फिरवते, त्याने फेकलेले तेल दुसऱ्या पंख्याला ढकलते, आणि मधला तिसरा लहान पंखा परतणारे तेल वळवून त्याचा जोर वाढवतो. गाडी जागची हलताना हा जोर दुपटीच्या आसपास, कधी त्याहूनही वाढतो. ही कल्पना हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याची. १९०५ साली त्याने तिचा एकाधिकार घेतला, तोही मोटारीसाठी नव्हे, जहाजासाठी. मोटारीत स्वयंचलित गिअर मोठ्या प्रमाणावर आला तो अमेरिकेत, ओल्डस्मोबाइलच्या १९४० सालच्या गाड्यांत. दुसऱ्या महायुद्धानंतर तो अवजड वाहनांत पसरला. आपल्या देशात १९६४ साली स्थापन झालेल्या भारत अर्थ मूव्हर्स या सरकारी कंपनीचे डंपर खाणीखाणींतून चालू लागले, आणि १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर, १९७५ साली वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी निघाली, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यातला कामगार या यंत्राशी झटतो आहे.

कन्व्हर्टरच्या मागे गिअर आहेत. ते दांड्याने सरकवायचे नसतात. प्रत्येक गिअरसाठी चकत्यांचा एक जुडगा असतो आणि तेलाचा दाब त्या चकत्या एकमेकींवर आवळून धरतो. कोणता जुडगा केव्हा आवळायचा हे ठरवते झडपांची एक पेटी. तिच्यातल्या वाटा इतक्या बारीक की चिमूटभर कचरा त्या अडवू शकतो. शिवाय पुष्कळ डंपरांत रिटार्डर असतो, म्हणजे तेलानेच लावायचा ब्रेक. उतारावर चालकाने त्याचा दांडा ओढला की एका पंख्याच्या खोलीत तेल घुसते, फिरणाऱ्या पंख्याला अडवते आणि गाडीचा वेग स्वतःच्या अंगावर उष्णतेच्या रूपाने घेते.

म्हणजे पाहा, हातगिअरमध्ये तेल घरातल्या नोकरासारखे आहे. इथे ते स्वतःच घरधनी आहे. जोर तेच पोचवते, चकत्या तेच आवळते, वंगण तेच, थंडावा तेच आणि उतारावर ब्रेकही तेच. ते नासले तर यंत्राचा एखादा भाग नव्हे, यंत्रच नासले. (हल्ली काही नव्या टिपरांनाही क्लचचे पायडल नसते, परंतु त्यांच्या पोटात साधाच गिअर बॉक्स असून क्लच तेवढा यंत्र दाबते. आज मी सांगतो ते त्यांना लागू नाही. नुसते पायडल पाहून फसू नये.)

आता मूळ प्रश्न. डंपर जुना झाला, अवर मीटरवर पंधरा-अठरा हजार तास दिसतात, तेल कधी बदलले होते ते कुणाला नीट सांगता येत नाही. काय करावे? आमच्याकडचा सर्वमान्य सल्ला असा: “भाऊ, जुन्या डब्यातलं तेल बदलवू नका. नवं तेल टाकलं का गिअर मरते.” हा सल्ला मी शिकलेल्या फोरमनांच्या तोंडूनही ऐकला आहे, आणि तो सर्वस्वी खोटा नाही म्हणूनच तो इतका टिकला.

त्यातला खरा अंश समजून घेऊ. चकत्यांवर कागदासारख्या पदार्थाचे अस्तर असते. ते झिजते आणि त्याची पूड तेलात तरंगते. वर्षानुवर्षे तापलेल्या तेलाचा राळेसारखा थर आतल्या भिंतींवर बसतो, रबरी सील कडक होतात. अशा डब्यात एकदम ताजे तेल ओतले की त्यातली मळ काढणारी द्रव्ये तो थर सोडवतात. सुटलेला मळ झडपांच्या बारीक वाटांत जाऊन बसतो आणि काल चालणारी गाडी आज गिअर टाकत नाही. इतके खरे.

खोटे काय, तर कारणमीमांसा. बहुतेक ठिकाणी लोक तेल बदलतात केव्हा? गिअर सरकू लागला, इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, तेव्हा. त्या वेळी चकत्यांचे अस्तर संपलेलेच असते. आठवड्याने गाडी बसते आणि दोष नव्या तेलाला. रोगी शेवटच्या घटकेला आला की वैद्याला बोलवायचे आणि रोगी गेला की औषधाच्या नावाने बोटे मोडायची, त्यातला हा प्रकार.

म्हणून तास किती झाले हा पहिला प्रश्न नव्हे. पुस्तिकेत तासांचा फेरा दिलेला असतो. डंपरच्या ट्रान्समिशनला तो पुष्कळदा हजार तासांच्या आसपास असतो, आणि ज्या गाडीला तो जन्मापासून पाळला तिला वीस हजार तासांनंतरही तेल बदलायला भ्यायचे कारण नाही. भीती आहे ती फेरे चुकलेल्या गाडीची. तिच्या बाबतीत आधी तेलालाच विचारावे.

विचारायचे कसे? गाडी सपाट जागी, तेल गरम, इंजिन मंद चालू, गिअर न्यूट्रलवर, आणि मग डिपस्टिक काढावी. थंड गाडीत पाहिलेली पातळी फसवी असते. एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकावा आणि शेजारी पिंपातल्या नव्या तेलाचा थेंब. हे शेजारी ठेवणे महत्त्वाचे, कारण मोटारीचे स्वयंचलित गिअरचे तेल लाल असते म्हणून डंपरचेही लाल असावे असे पुष्कळांना वाटते. खाणीत पुष्कळदा टेन-डब्ल्यू जातीचे तेल वापरतात, ते मधाच्या रंगाचे. नुसते गडद झालेले तेल चालते. वास घ्यावा. जळक्या वासाचे काळे तेल म्हणजे अस्तर जळाले. दुधासारखे, गढूळ तेल म्हणजे कूलर फुटून इंजिनचे पाणी आत शिरले. तिथे विचार करीत बसू नये, गाडी त्याच जागी उभी करावी, कारण ते पाणी चकत्यांचे अस्तर सोडवून टाकते.

तेलापेक्षाही खरे बोलतो तो जुना फिल्टर. तो कापून उन्हात उघडावा. बारीक काळी पूड थोडीफार असणारच. पांढुरके चकाकते कण ॲल्युमिनियमचे. ते बहुधा कन्व्हर्टरकडून येतात. पिवळे कण बुशांचे. आणि चुंबकाला चिकटणारे पोलादाचे तुकडे बोटाला टोचू लागले तर गिअर किंवा बेअरिंग गेले म्हणून समजावे. प्रयोगशाळेत नमुना पाठवण्याची सोय असेल तर उत्तम. तिथे लोखंड, तांबे, सिलिकॉन किती ते आकड्यांत कळते, आणि सिलिकॉन म्हणजे आपली धूळ. मात्र एका नमुन्यावरून काही ठरत नाही. त्याच जागेवरून, गरम तेलाचे, ठरल्या तासांनी काढलेले चार नमुने ओळीने ठेवले म्हणजे चाल दिसते.

एक परीक्षा अजून आहे, तिला स्टॉल टेस्ट म्हणतात. ब्रेक पूर्ण लावून, पुस्तिकेत सांगितलेल्या गिअरमध्ये, इंजिनला पूर्ण ॲक्सिलरेटर द्यायचा आणि फेरे किती येतात ते पाहायचे. पुस्तिकेतल्या आकड्याहून बरेच जास्त आले तर चकत्या सरकतात. कमी आले तर इंजिनच अशक्त आहे किंवा कन्व्हर्टरचा मधला पंखा बिघडला आहे. ही परीक्षा काही सेकंदांतच आटोपावी, कारण तेवढ्यात तेल उकळीला येते. आणि गाडीच्या पुढे-मागे माणूस उभा असेल तर करूच नये.

आता निर्णय सोपा होतो. तेलाला जळका वास नाही, फिल्टर स्वच्छ, फेरे बरोबर. मग तास कितीही असोत, तेल बदलावे. तेल काळपट, फिल्टरात पूड बरीच, परंतु गिअर अजून धरतो आहे. मग हप्त्याहप्त्याने बदलावे. तळाचा बोल्ट काढला तरी सगळे तेल पडत नाही, पुष्कळसे कन्व्हर्टरमध्ये व कूलरमध्ये राहते. समजा दर खेपेला शंभरातले चाळीस भाग निघतात, तर पहिल्या खेपेनंतर जुने तेल ६० भाग उरते, दुसऱ्या खेपेनंतर ३६, तिसऱ्या खेपेनंतर सुमारे २२. दोन खेपांमध्ये पन्नास ते शंभर तास गाडी चालवावी आणि दर खेपेला फिल्टर नवा घालावा, म्हणजे सुटलेला मळ झडपांकडे जाण्याआधी तिथे अडकतो. यंत्र लावून एका झटक्यात सगळे धुऊन काढण्याचा मोह अशा गाडीला नको. आणि तेल जळके आहे, गिअर सरकतो आहे, धातू दिसतो आहे, तर नवे तेल ओतणे म्हणजे पैसे मातीत घालणे. ट्रान्समिशन उतरवून ओव्हरहॉलला काढावे.

एक गोष्ट आपल्या हवेची. मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४६-४७ वर जातो. तेलाचा ढोबळ नियम असा की नेहमीच्या तापमानापेक्षा दर दहा अंश वाढीला त्याचे आयुष्य निम्मे होते. वीस अंशांनी चौथाई. कन्व्हर्टरमधून निघणारे तेल १२० अंशांपलीकडे जाऊ लागले तर पुस्तिकेचे तास विसरावेत. थंड हवेच्या देशात छापलेला फेरा इथे जसाच्या तसा धरणे शहाणपणाचे नाही. आणि तेलावर खर्च करण्याआधी कूलरच्या जाळीत बसलेला कोळशाचा थर धुवावा. पाण्याला पैसे पडत नाहीत.

इथवर यंत्राचे झाले. परंतु माझा धंदा संघटनेचा, आणि माझ्या अनुभवात ट्रान्समिशन मरते ते पुष्कळदा कागदावर. गिअर उशिरा पडतो, रिटार्डर पूर्वीसारखा धरत नाही, हे सर्वांत आधी कळते ते ऑपरेटरला. पाठीला कळते. एका खाणीत मी विचारले की हे लॉगबुकात का नाही? मुलगा म्हणाला, “साहेब म्हणते, लिहू नको, फक्त सांग.” तोंडी सांगितलेले शिफ्टबरोबर घरी जाते. कंत्राटदाराकडच्या मुलाची तऱ्हा आणखी वाईट: गाडी उभी तर हजेरी बंद. तो आपणहून गप्प बसतो, रिटार्डरची कमतरता पायाच्या ब्रेकने भरून काढतो, ब्रेक तापतात, आणि एके दिवशी उतारावर ते धरत नाहीत. पुढे चौकशीत ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ असे लिहिणे सर्वांत सोपे असते, कारण त्याच्या बाजूने बोलणारी एक ओळही लॉगबुकात नसते.

म्हणून आमच्या सभासदांना मी तीनच नोंदी सांगतो: अवर मीटरचा आकडा, तेलाचे दिवसातले सर्वांत वरचे तापमान, आणि गिअर किंवा रिटार्डरची तक्रार, सही करून. व्यवस्थापनाला सांगतो की तक्रार लिहिल्यावर गाडी तपासणीला उभी राहिली तर त्या शिफ्टची हजेरी कापू नका. सुरक्षा समितीच्या बैठकीत कापलेला फिल्टर टेबलावर ठेवा म्हणावे. त्यावर वाद घालणे कुणालाही कठीण जाते.

राहिला एक प्रश्न, जो मला रस्त्यात नेहमी विचारतात. लिलावात जुना डंपर घेतला, लॉगबुक नाही, काय करावे? पैसे देण्याआधी गाडी तासभर चालवून गरम करून घ्यावी, डिपस्टिकचा वास घ्यावा, स्टॉल टेस्ट करून पाहावी, आणि फिल्टर मागावा. विकणारा फिल्टर उघडू देत नसेल तर ओव्हरहॉलचा सगळा खर्च किमतीतून वजा करून बोली लावावी. फिल्टर बरा निघाला, तर पहिला हप्ता त्याच दिवशी, उरलेले दोन पुढच्या दोनशे तासांत, आणि तोवर ती गाडी उताराच्या रस्त्याला लावू नये. वरच्या सपाटीवर माती वाहू द्यावी.